समुद्र पिणारा राक्षस

रविवारी दुपारी जळगावातल्या माझ्या जेवणाच्या टेबलावर जगाचा अंत जवळ आलेला असतो. वीस बाजूंचा फासा, हाताने काढलेला नकाशा आणि आम्ही तिघं. मी गोष्ट रचून सांगतो. केळीचा व्यापार करणारे भाऊ त्यात योद्धा होतात आणि धरणगावच्या निवृत्त शिक्षिका अक्का चेटकीण. पन्नाशीत असले उद्योग? असलेच!

मागच्या महिन्यात मी मोठ्या थाटात समुद्रातून राक्षस वर काढला. आठ हात, शंभर दात. आवाजसुद्धा काढला मी, कुकरसारखा.

भाऊ म्हणाले, "आठ हात? बसवा त्याला भरीत ठेचायला."

अक्कांनी चष्मा पुसला. "पुढच्या राक्षसालाही मी घाबरले नाही, तर गोष्ट सांगायची खुर्ची माझी."

ती खुर्ची! तिच्यावर बसून मी वादळं आणतो, राजे मारतो. एरवी घरात मला पंखासुद्धा विचारून लावावा लागतो. खुर्ची सोडणार नव्हतो.

आठवडाभर कागद फाडले. अडचण अशी की समुद्र मी एकदाच पाहिलाय, तोही टॅक्सीच्या खिडकीतून. गुरुवारी नळ आला. अर्ध्या तासात धार करंगळीएवढी झाली आणि बायको आतून ओरडली, "आधी पिण्याचं भरा!" मी राक्षस-बिक्षस विसरून धावलो. हातात कळशी घेऊन मी तिथंच हसलो. राक्षस सापडला होता.

हात नाहीत, दात नाहीत. तळाशी पडून राहतो आणि पितो.

रविवारी अक्कांसोबत त्यांची सून आली होती, रत्नागिरीची. ती बाजूला चहा घेत बसली. मी आवाज खाली आणला.

"पाणी एक पुरुषभर उतरलं."

भाऊंनी तलवारीच्या वारासाठी फासा उचलला.

"दोन पुरुष. तुमची बोट चिखलाला टेकली."

फासा हातातच राहिला. "पानी कोठे गयं?"

"तलवार ठेव!" अक्का कडाडल्या. "पिंपं भर आधी!"

मग दोघांनी लढाई सोडून दिली आणि आपापल्या कागदावर पाणी भरायला सुरुवात केली. पिंपं, हंडे, भाऊंचं शिरस्त्राण. काही उरलं नाही तेव्हा अक्कांनी जादूची टोपी भरली.

सुनेला ठसका लागला. "अहो आई, समुद्राचं पाणी खारं असतं! आणि ही तर ओहोटी. दिवसातून दोनदा होते आमच्याकडे."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे उतरलेलं पाणी संध्याकाळी परत येत नाही.

अक्का हळूच उभ्या राहिल्या. "म्हणजे राक्षस नव्हताच. ऊठ."

मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. "अक्का, तुमच्या टोपीत काय आहे?"

"पाणी."

"कुणी भरलं?"

त्यांनी समोरचा कागद पाहिला. त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: टोपी, काठोकाठ. खाली दोनदा रेघ मारलेली.

अक्का बसल्या. सुनेला म्हणाल्या, "तू चहा पी." मग माझ्याकडे वळल्या.

"अजून पितोय का तो?"

"पितोय," मी म्हणालो, आणि खुर्ची आणखी पुढे ओढली.