चौदा अंशांवरचा लाल रंग

अंबिका शिवगण भाईंदर पूर्वेच्या एका कारखान्यात चष्म्याच्या काचा तपासतात. बावीस वर्षं त्या हेच करतायत. कोटिंग चढवलेली काच ट्यूबलाइटखाली धरायची, हळूहळू तिरकी करायची आणि रंग कसा बदलतो ते बघायचं. जरा जरी फरक वाटला तरी काच बाजूला. राहतात तिथल्याच इंद्रलोक वसाहतीत. मूळ गाव संगमेश्वरकडचं, आणि आकाशाची आवड तिथल्या अंगणातली.

मीरा रोड-भाईंदरमधल्या आमच्या आकाशनिरीक्षकांच्या गटात त्या पन्नाशीनंतर आल्या. मीटिंगला शेवटच्या खुर्चीवर बसायच्या आणि वहीत लिहून घ्यायच्या. प्रश्न क्वचितच विचारायच्या. दोन वर्षांनी त्यांनी कॅनडाला निघालेल्या एका गृहस्थाची दुर्बीण विकत घेतली, तेव्हा आम्ही सगळेच चकित झालो. आखूड नळी, रुंद तोंड, आणि कॅमेरा त्या तोंडाच्या मधोमध बसवायचा. अशा दुर्बिणीला आम्ही फास्ट म्हणतो, कारण लांब नळीची दुर्बीण ज्या फोटोला चार तास घेते तो ही अर्ध्या तासात देते.

पण आमच्याकडे आकाशाला काळोखच नाही. त्यावर इलाज नॅरोबँड फिल्टरचा. तेजोमेघातल्या हायड्रोजनचा एक ठराविक लाल रंग हा फिल्टर आत सोडतो आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड बाहेर ठेवतो. रंगाचा किती पट्टा आत सोडायचा ते नॅनोमीटरमध्ये मोजतात. जितका अरुंद तितका चांगला, हे आमच्या गटात सर्वमान्य होतं, आणि ते रुजवलं होतं कौस्तुभने. मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधला हा सॉफ्टवेअर इंजिनिअर आमच्यातला सर्वात जाणकार. त्याच्या लांब दुर्बिणीवर तीन नॅनोमीटरच्या फिल्टरने निघालेले फोटो खरोखरच देखणे असत.

त्याने तो फिल्टर अंबिकाताईंना मोठ्या मनाने वापरायला दिला. फोटो फिका आला. त्यांच्या जुन्या, सात नॅनोमीटरच्या फिल्टरहूनही फिका.

"ताई, तुमचा फोकस चुकतोय," कौस्तुभ म्हणाला.

त्यांनी फोकस चार वेळा केला. दुसऱ्या आठवड्यातही तेच. गटात त्यांच्या हाताविषयी थोडी कुजबुज झाली, आणि खोटं कशाला बोलू, त्यात मीही होतो. दरम्यान आणखी दोघांनी तशाच दुर्बिणी घेतल्या आणि तिघांसाठी तीन नॅनोमीटरचे फिल्टर एकदम मागवायचं ठरू लागलं.

एका दुपारी कारखान्यात जेवणानंतर ताईंनी तो फिल्टर त्याच्या डबीतून काढून ट्यूबखाली धरला. सवयीने हात तिरका झाला. काचेवरून परतणारा रंग सरकला, चष्म्याच्या काचेवर सरकतो तसाच. नंतर त्या मला म्हणाल्या, "बावीस वर्षं हेच बघतेय मी. आणि दोन आठवडे माझ्या लक्षात नाही आलं."

कारखान्यात काचेतून कोणता रंग किती पार होतो त्याचा आलेख काढणारं यंत्र आहे. सुपरवायझर दत्ताराम यांची परवानगी घेऊन, पाळी संपल्यावर त्यांनी फिल्टर त्यात बसवला. सरळ ठेवला तेव्हा आलेखाचं टोक हायड्रोजनच्या लाल रंगावर नेमकं आलं. मग त्यांनी तो चौदा अंश तिरका केला. टोक जवळजवळ पाच नॅनोमीटर निळ्याच्या बाजूला सरकलं. आता हायड्रोजनचा लाल रंग फिल्टर अडवत होता.

पुढच्या रविवारी त्या पहिल्यांदाच मीटिंगमध्ये उभ्या राहिल्या. फळ्यावर दुर्बिणीचं रुंद तोंड काढलं आणि कडेने येणारे किरण दाखवले.

"कौस्तुभच्या दुर्बिणीत किरण फिल्टरवर जवळपास सरळ पडतात, म्हणून त्याचं बरोबर आहे. माझ्या दुर्बिणीत मधल्या किरणांना कॅमेराच अडवतो. जे आत जातात ते सगळे तिरके, कडेचे तर चौदा अंशांनी. फास्ट दुर्बिणीसाठी वेगळे फिल्टर मिळतात. त्यांचा पट्टा मुद्दाम तांबड्याच्या बाजूला सरकवलेला असतो आणि थोडा रुंदही असतो. आपल्याला सहा नॅनोमीटरचा, तसला हवा."

"रुंद पट्टा घेतला तर दिव्यांचा उजेड जास्त येईल ना?" कौस्तुभने विचारलं.

"थोडा येईल. पण आत्ता तर हायड्रोजनच आत येत नाहीये."

ताईंनी आणलेला आलेख त्याने हातात घेतला आणि टोक कुठे सरकलंय ते बोटाने तपासलं. मग म्हणाला, "एक मागवू. एकाच संध्याकाळी दोन्ही लावून बघू."

फेब्रुवारीत, अमावास्येच्या आसपास, आम्ही इंद्रलोकमध्ये ताईंच्या इमारतीच्या गच्चीवर जमलो. ताईंचे यजमान महिपत यांनी चहाचा थर्मास आणला होता. मृगाच्या शेजारचा रोझेट तेजोमेघ निवडला. आधी तीन नॅनोमीटरचा फिल्टर, वीस मिनिटं. लॅपटॉपवर एक पुसट कडं दिसलं. मग नवा, तेवढाच वेळ.

पडद्यावर चित्र उतरलं तेव्हा आम्ही सगळेच लॅपटॉपवर वाकलो. कड्याचा काठ, आतल्या काळ्या धुळीच्या रेघा, बाहेर विरत जाणारे धागे, सगळं स्वच्छ होतं. खाली नाक्यावरचे दिवे ढणढणत होते आणि आमच्यासमोर हे उमललं होतं. कौस्तुभने आकडे तपासले. हायड्रोजनचा प्रकाश दुपटीहून जास्त आला होता.

"ताई, फोकस तुमचा पहिल्या दिवसापासून बरोबर होता," तो म्हणाला. सगळ्यांसमोर म्हणाला, याचं मला त्याच्याविषयी फार बरं वाटलं.

अंबिकाताईंनी मान हलवली आणि पुन्हा पडद्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा असा खुललेला मी तोवर पाहिला नव्हता. महिपतना त्यांनी हात धरून पुढे ओढलं आणि बोटाने एकेक धागा दाखवत राहिल्या.

बाकीचे दोन फिल्टरही त्याच प्रकारचे आले. तो फोटो मुंबईतल्या एका प्रदर्शनात लागला, खाली मराठीत त्यांचं नाव. दत्तारामांनी त्याची मोठी प्रत काढून कारखान्यात तपासणीच्या टेबलामागे लावली.

हल्ली पुण्या-नाशिकची हौशी मंडळी आपले फिल्टर कुरिअरने त्यांच्याकडे पाठवतात. शनिवारी पाळी सुटली की त्या यंत्रापाशी बसतात. आधी फोन करून विचारतात, "दुर्बीण कुठली आहे तुमची? किरण किती तिरके येतात?" समोरचा गडबडला, तर शांतपणे पहिल्यापासून समजावतात.