पाला वेचणारी

चोपड्याच्या आठवडे बाजारात कडुनिंबाखाली एक म्हातारी बसते. सातपुड्याच्या पायथ्याहून येते. तिच्याकडून मी कित्येक वर्षं मोहाची फुलं आणि चारोळी घेत आलो. बसण्याआधी पदराच्या एका फटकाऱ्यात ती जागेवरचा पाला उडवून द्यायची.

यंदा डोंगराला आग लागली. तीन दिवस जळत होता. मोहाची झाडं गेली, पायथ्याच्या गावांतल्या चाऱ्याच्या गंजी गेल्या, काही घरंही गेली. त्यानंतर ती बाजारात आली, तेव्हा टोपलीच्या तळाशी फक्त चिंच होती. आणि ती खाली बसून कडुनिंबाचा पाला एकेक करून हाताने वेचत होती.

"कोण्या गाढवाने विडी टाकली असेल, अक्का!" मी तावातावाने म्हणालो.

तिचा हात थांबला नाही. "आग मीच लाई, भाऊ. फुलं येचाले बरं पडस म्हनीसन झाडखालना पाला दरसाल पेटाडस. औंदा वारा उना, नि आग डोंगरभर पसरनी."

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो.

"गावमा कोनले सांगेल नही," ती म्हणाली. "तुम्हले मनं नाव माहीत नही, म्हनीसन सांगं." खरंच, इतक्या वर्षांत मी तिचं नाव कधी विचारलं नव्हतं.

अजूनही ती येते, पाला वेचते, माझ्याशी चिंचेबद्दल बोलते. परवा तिच्या गावचा एक माणूस तिला शोधत गर्दीतून येताना दिसला. तो हाक मारणार, एवढ्यात मी पिशवी उचलली आणि तिचं नाव कानावर पडायच्या आत चालता झालो.