जड बाण

शाळेची बस हाकून हाकून नोरीनचा खांदा कामातून गेला होता. तिनं धनुष्याचा ताण कमी करून घेतला, तेव्हा धाकट्या भावानं, वेसनं, लगेच सल्ला दिला, "मग बाणही हलके घे. सुसाट जातील."

गेल्या सप्टेंबरात तिनं ऐकलं. बाण सुसाट गेला खरा, पण एल्कच्या बरगड्यांत अर्ध्यावरच अडकला. ते धिप्पाड हरीण बाण घेऊन पळालं. दोघांनी मोंटानाचा तो डोंगर पिंजून काढला, सापडलं नाही. तेव्हापासून नोरीनला घास गोड लागला नव्हता. पुन्हा असं झालं तर धनुष्य शेकोटीत घालायचं, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं.

हिवाळाभर ती बाण जड व्हावेत म्हणून त्यांच्या टोकांत पितळ भरत बसली.

"बाण करतेयस की पहार?" वेस चिडवायचा.

"पहार आत तरी घुसते!"

आज सकाळी एक नर एल्क शिळेसारखी साद घालत झाडीबाहेर आला आणि लांबवर आडवा उभा राहिला.

"मार!" वेस कानाशी कुजबुजला.

नोरीन हलली नाही. जड बाण लांबवर जाईतो खाली झुकतो.

"अगं, मार की! जाईल तो!"

"जाऊ दे. गप्प बस."

एल्क चरत चरत जवळ येऊ लागला. त्याचं डोकं पाइनच्या बुंध्याआड जाताच तिनं दोरी ओढली. खांद्यातून कळ निघाली. एल्क पुढे आला आणि तिनं बाण सोडला.

एल्क दचकला, त्यानं मान वळवून पाहिलं आणि तो चालत झाडीत गेला.

"चुकलीस," वेस म्हणाला. "त्याला पत्तासुद्धा लागला नाही."

बराच वेळ थांबून दोघं तिथं गेली. गवतावर रक्ताचा थेंब नव्हता. बाण पलीकडच्या मातीत रुतला होता. तिनं तो उपटला, तर पिसांपर्यंत लाल.

"आरपार गेलाय," ती पुटपुटली.

झाडीत शिरताच एल्क आडवा पडलेला दिसला. त्याचा जीव केव्हाच गेला होता. नोरीन त्याच्याजवळ बसली आणि तिला रडू कोसळलं.

"मागच्या वर्षीचा किती दिवस तडफडला असेल रे?"

वेसनं भात्यातले आपले बाण काढून तिच्यासमोर ठेवले.

"यांच्यातही पितळ भरून दे," तो म्हणाला.