विहीणबाईंसाठी बबल टी

चहा प्यायचा असतो, चावायचा नसतो. एवढी साधी गोष्ट पुण्यातही माहीत असेल, असं मला वाटलं होतं.

नाही! तिथं म्हणे लोक रांगेत उभे राहून गार दुधाचा चहा घेतात, त्याच्या तळाशी काळ्या गोळ्या असतात आणि त्या जाड नळीनं ओढून चघळत बसतात. याला बबल टी म्हणतात. (आमच्याकडे चहाच्या तळाशी काळं काही दिसलं तर कप फेकून दुसरा चहा मांडतात.)

हे ज्ञान मला आमच्या विहीणबाईंकडून मिळालं. आमची सून केतकी पुण्याची. शेतकी कॉलेजात आमच्या वैभवच्या वर्गात होती, लग्न करून सरळ आमच्या गावी, बोरी अरबला आली आणि आता दोघं मिळून दारव्ह्याला बियाण्याचं दुकान चालवतात. तिच्या आईला, सुलभाताईंना, हे काही केल्या पचत नव्हतं. एका दुपारी केतकीचा फोन स्पीकरवर होता आणि मी पेपर वाचत असल्याचं सोंग करून बसलो होतो.

"अगं, तिथं साधा बबल टी तरी मिळतो का? मी येते आणि स्वतः बघते. मला नाही पटलं तर तुम्हा दोघांना पुण्याला घेऊनच येणार. वैभवसाठी नोकरीसुद्धा बघून ठेवलीय मी."

केतकी नुसती "हं, हं" करत राहिली. मी मात्र पेपर खाली ठेवला. या पोरीनं आमच्या घरात काय केलं ते मलाच ठाऊक. ती येण्याआधी आमचा वैभव घरात "जेवण" आणि "चार्जर" असे दोनच शब्द बोलायचा! आता संध्याकाळी चौघं ओसरीवर बसून एकमेकांची टिंगल करतो. ती गेली तर घर खायला उठेल, हे मी बायकोला, शोभाला, बोललो नाही आणि शोभा मला बोलली नाही. ती एवढंच म्हणाली,

"अजी, हे बबल टी काय असते?"

"गोळ्या टाकलेला चहा."

"कायच्या गोळ्या? डोस्कं दुखते का त्याईचं?"

विहीणबाई यायच्या दिवशी वैभव आणि केतकी त्यांना आणायला सकाळीच धामणगाव स्टेशनला गेले. घर मोकळं मिळालं. बबल टीवाचून पोरगी अडत असेल, तर बबल टी घरात हजर पाहिजे, असं मी ठरवलं! मोबाइलवर 'पाच मिनिटांत घरच्या घरी' असा व्हिडिओ सापडला. त्यात एक लांब नखांची बाई पिठाच्या गोळ्या वळत होती. (त्या नखांनी तिनं कणीक कधी मळली असेल, तर मी मिशी उतरवून देतो.) ते पीठ कशाचं, हे कळल्यावर शोभा पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"बाप्पा बाप्पा! हा तं साबुदाणा होय! आपण चतुर्थीले खातो तोच! अन् यायले त्याच्यासाठी रांगेत उभं राहा लागते?"

तिनं खिचडीला भिजवतात तसा साबुदाणा भिजवला आणि उकळत्या चहात ओतला. मी ढवळत होतो. तेवढ्यात दारात कोणी शेतकरी बियाण्याचा भाव विचारायला आला, भावावरून बोलणं सरपंचाच्या निवडणुकीवर गेलं आणि मी परत येऊन पाहतो तर चमचा पातेल्यात उभा! त्या निवडणुकीची सगळी पोस्टरं चिकटवता आली असती, एवढी खळ तयार झाली होती.

"तुमाले ढवळाले सांगतलं होतं का राजकारण कराले?" शोभा म्हणाली.

मग साबुदाणा मिक्सरमध्ये दळून, गुळाच्या पाकात मळून, व्हिडिओतल्यासारख्या गोळ्या वळायला ती बसली. पण लाडू वळलेल्या हाताला काही समजतं का!

"अवं बारीक कर."

"बारीकच तं करून राह्यली!"

ते तिचं बारीक बोराएवढं होतं. उकळल्यावर बोरं आणखी फुगली. दिसायला मात्र झकास, काळी, तुकतुकीत. मी एक चावून पाहिली, दाताला जरा चिकटली, पण पुणेकरांना तेच आवडतं म्हणे. आता प्रश्न नळीचा. गावातल्या दुकानात फ्रुटीच्या डब्यातली नळी मिळाली. तिच्यातून मोहरीसुद्धा गेली नसती.

इथं माझं डोकं चाललं. (माझं डोकं चाललं की शोभा देवाला दिवा लावते. त्या दिवशी ती कामात होती.) गोठ्यात यंदाच्या कपाशीसाठी आणलेला ठिबकच्या नळीचं कोरं बंडल पडलं होतं. काळीभोर नळी, बोर आरामात जाईल एवढी. गोळ्यांशी रंगही जुळत होता! मी कात्रीनं सपासप तुकडे कापले, शोभानं ते पाण्यात उकळून धुतले आणि दुसरा चहा करून गार करायला ठेवला.

"विहीणबाईले समजलं तं?"

"कायचं समजते! त्याईनं ठिबक पाह्यलं आहे का जन्मात?"

पाहुण्याला घरातलं सगळ्यात चांगलं द्यावं, ही आमची रीत. म्हणून विहीणबाईंच्या ग्लासात मी निवडून सगळ्यात लांब तुकडा घातला.

दुपारी मंडळी आली. विहीणबाई मोतिया रंगाची रेशमी साडी नेसून खुर्चीच्या अगदी काठावर बसल्या. भिंतीवरची पाल, अंगणातली म्हैस, पंख्याचा आवाज, सगळ्याची मनातल्या मनात नोंद चालली होती. पाणी झालं, आणि त्यांनी घसा साफ केला. "हे बघा, मी स्पष्टच बोलते. केतकीचं पुढं काय करायचं..."

"आधी चहा!" मी ओरडलोच. शोभानं ट्रे आणला.

विहीणबाईंनी ग्लास पाहिला आणि त्यांचा चेहरा लहान पोरीसारखा उजळला. "अय्या! बबल टी? इथं?" माझी छाती फुगली. वैभव आणि केतकी ग्लासातल्या नळीकडे टक लावून पाहत होते. मला वाटलं, कौतुकानं.

विहीणबाईंनी नळी तोंडाला लावली आणि ओढलं. 'सुंऽऽ' असा आवाज आला. चहा काही आला नाही.

"हवाच येतेय हो."

"जोरात ओढा, विहीणबाई," शोभा म्हणाली, "लाजू नका."

त्यांनी गाल आत जाईपर्यंत ओढलं. एक बोर वर चढलं आणि मधेच अडकलं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ठिबकच्या नळीत ठरावीक अंतरावर आतून ड्रिपर, म्हणजे नळी अरुंद करणारा प्लास्टिकचा तुकडा, बसवलेला असतो, आणि तिथंच थेंब बाहेर पडायला बारीक भोक असतं. बाकीच्या आखूड तुकड्यांत ड्रिपर नव्हता. लांब तुकड्यात होता!

या क्षणी शहाणा माणूस ग्लास बदलून देतो. पण मी पडलो शेतकरी. ठिबक चोक झालं की काय करायचं, ते माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं.

"फुंका!"

आणि त्या बाईंनी फुंकलं! शाळेत आयुष्यभर शिट्ट्या मारलेल्या पी.टी.च्या बाई त्या. काय तो दम! भोकातून चहाची चिळकांडी निघाली ती थेट माझ्या डोळ्यात, आणि अडकलेलं बोर बंदुकीच्या गोळीसारखं खाली ग्लासात आपटून सगळा चहा मोतिया साडीवर!

"अवं माय!" शोभा कपडा घेऊन धावली आणि घाईत तिनं साडी कढईच्या फडक्यानं पुसली.

केतकीनं नळी हातात घेतली, उजेडाकडे धरून पाहिली. "बाबा... ही सोळा एमएमची इनलाइन आहे."

"म्हणजे काय?" विहीणबाईंनी विचारलं.

"आई, शेताला पाणी द्यायची नळी."

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी डोळा चोळत म्हणालो, "कोरी आहे हो! कंपनीची गॅरंटी आहे. उन्हात तडकत नाही."

झालं! केतकी जी हसायला लागली, ती खाली जमिनीवरच बसली. वैभव भिंतीकडे तोंड करून हलत होता. मी मात्र मनातून पार खचलो. अरे बह्याडा, म्हटलं, पोरगी राहावी म्हणून धडपडलास आणि स्वतःच्या हातानं तिला पुण्याच्या गाडीत बसवलंस!

संध्याकाळी विहीणबाई शोभाची सुती साडी नेसून बाहेर आल्या. सगळे बसलो. त्यांनी केतकीकडे पाहिलं, मग आमच्या दोघांकडे पाहिलं.

"केतकी, तू इथंच राहा."

शोभाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मलाही भरून आलं. "विहीणबाई, म्हणजे आमचं घर पटलं तुम्हाला?"

"घराचं राहू द्या. पण या घरात एक तरी शहाणं माणूस नको का? ही गेली तर उद्या तुम्ही मोटर लावून पंगतीला ताक वाढाल!"

सगळे हसले. मीही हसलो, हात जोडले. पण मोटर लावून ताक, एवढं मोठं माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. अर्ध्या एचपीत भागेल का, तेवढंच बघायचं आहे.