रोजची गोळी आणि उंदरांची खोली

माझ्या हातावर काहीच उठलं नाही, आणि मला आनंद झाला.

अ‍ॅलर्जी क्लिनिकमध्ये नर्सने माझ्या हाताच्या आतल्या बाजूला पेनने छोट्या रेघा ओढल्या. प्रत्येक रेघेशेजारी एकेक थेंब टाकला आणि त्या थेंबातून अगदी बारीक टोचलं. याला स्किन प्रिक टेस्ट म्हणतात. धूळ, झुरळ, मांजर, उंदीर, एकेकाचा एक थेंब. ज्याची अ‍ॅलर्जी असेल तिथे डास चावल्यासारखी गांधी उठते. मी हाताकडे डोळे लावून बसले होते. हात कोरा होता. मनात म्हटलं, सुटले बाई एकदाची.

डॉक्टरबाई आल्या, त्यांनी हात बघितला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "हा शेवटचा थेंब हिस्टामिनचा आहे. हा सगळ्यांना उठतो, उठायलाच हवा. तुम्हाला उठला नाही. कोणतं औषध चालू आहे?"

"काहीच नाही."

"रोज सकाळी काय घेता?"

"सकाळी? चहा," मी म्हटलं. मग जीभ चावली. "आणि ती सेट्रिझिन, शिंका दाबणारी."

मी खोटं बोलत नव्हते हो! टेस्टच्या आधी हॉस्पिटलचा मेसेज आला होता, अ‍ॅलर्जीची औषधं बंद करा म्हणून. मी तो नीट वाचलाही होता. पण औषध म्हणजे डॉक्टरने लिहून दिलेलं. ही तर पुण्याहून आणलेली रोजची गोळी. ती आमच्या घरात औषधात धरतच नाहीत.

सिंगापूरमधल्या कुठल्याही मराठी घरात जा, स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर चिवड्याचा एक रिकामा डबा सापडेल आणि त्यात चिवडा नसेल. तापाची, पित्ताची, सर्दीची, जुलाबाची अशा सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा असतील. पुण्याला गेलं की धनकवडीतल्या आमच्या केमिस्टकडून तो डबा भरून आणायचा. इथे डॉक्टरकडे कशाला जायचं, घरातच आहे ना सगळं! हा आमचा शहाणपणा. माझ्यासारखं कोणी हे वाचत असेल तर उठून आधी तो डबा खाली काढा. मग पुढचं वाचा.

मी मंजिरी. इथल्या एका विद्यापीठात मेंदूच्या आजारांवर संशोधन करते. आम्ही बुकित पंजांगला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. नवरा समीर मरीन इंजिनिअर आहे, पूर्वी जहाजावर असायचा, आता किनाऱ्यावरूनच कंपनीची जहाजं सांभाळतो. मुलगी इरा शाळेत जाते आणि आमच्या मराठीला इंग्लिशमध्ये उत्तरं देते.

माझं काम उंदरांवरचं. पक्षाघातानंतर मेंदू पुन्हा कसा शिकतो, हे आम्ही बघतो. उंदीर घाबरलेला असला की प्रयोगाचं मातेरं होतं, म्हणून आधी कितीतरी दिवस त्याला नुसतं हातात घ्यायचं. दोन्ही ओंजळींचा खोपा करायचा आणि तो आपणहून शांत होईपर्यंत थांबायचं. हे काम मला फार छान जमायचं. नवीन मुलांच्या हातात उड्या मारणारे उंदीर माझ्या ओंजळीत झोपून जायचे. आमचे प्रोफेसर पाहुण्यांना हे मुद्दाम दाखवायला आणायचे, आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

आधी नाक गळायला लागलं. मग हातमोज्याच्या वर, मनगटाशी, पित्तासारखे लाल चट्टे यायला लागले. मी सकाळच्या चहाबरोबर गोळी घ्यायला लागले आणि नाक गळणं बंद, खाज बंद. नंतर संध्याकाळचा खोकला सुरू झाला. मी एअरकंडिशनरला शिव्या दिल्या. इरा माझ्या कुशीत झोपायची. ती इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणायची, "आई, यू आर व्हिसलिंग अगेन लाह." छातीतून शिट्टी वाजायची ती. मला वाटायचं, पोरीचं काहीतरीच.

दिवाळीला पुण्याला गेले की आठवड्याभरात सगळं गायब! आई म्हणायची, "बघ, तुला तिथली हवा मानवतच नाही. इथे आलीस की कशी टवटवीत होतेस." मलाही ते पटायचं. आपल्याला घरची ओढ आहे, मन बोलत नाही म्हणून शरीर बोलतंय, असं काहीबाही मी स्वतःला सांगायचे आणि डोळे पुसायचे. सगळं सोडून परत जावं का, याच्यावरून समीरशी माझे वादही झाले होते.

मग तो दिवस आला. प्रयोगाची घाई होती. पिंजऱ्यातला जुना भुसा मीच उपसत होते. त्या कामाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क घालायचा, असं सेफ्टीच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं आहे. परीक्षाही घेतात, मी पैकीच्या पैकी मार्क घेऊन पास झालेली. पण त्या मास्कमध्ये जीव गुदमरतो म्हणून मी साधा मास्क लावला होता. जीव का गुदमरतो, हा प्रश्न काही मला पडला नाही. डोंबलाचं संशोधन!

भुशाची धूळ उडाली आणि माझी छाती आवळली. श्वास आत जाईना, आतला बाहेर येईना. ओरडायलाही हवा लागते, तीच नव्हती. मला खोलीबाहेर ओढून काढलं ते मेरीलूने. मेरीलू आमच्याकडची टेक्निशियन, फिलिपिन्सची, पिंजऱ्यांची सगळी देखभाल तिच्याकडे. तिने मला कॉरिडॉरमध्ये पाठ टेकून बसवलं, इमर्जन्सी फोन केला आणि अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत माझा हात सोडला नाही.

हॉस्पिटलात नेब्युलायझर लावला. म्हणजे औषधाची वाफ मास्कमधून छातीत सोडतात. छाती मोकळी झाल्यावर मला रडू फुटलं. श्वास घेता येणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे मला त्या पलंगावर कळलं. तिथूनच मला त्या अ‍ॅलर्जी क्लिनिकला पाठवलं होतं.

तर पहिली टेस्ट अशी माझ्या गोळीने वाया घालवली. डॉक्टरबाईंनी गोळी बंद करून मला परत बोलावलं आणि तोवर हातात पीक फ्लो मीटर दिला. ती एक साधी नळी असते. जोरात फुंकायचं, काटा जितका पुढे सरकेल तितका तुमचा श्वास मोकळा. त्यांनी सांगितलं, कामावर जा पण उंदरांना हात लावायचा नाही, एन-९५ काढायचा नाही आणि हा इनहेलरचा पंप खिशात ठेवायचा. ऑफिस त्याच मजल्यावर होतं. कामाच्या दिवशी काटा मागे यायचा. रविवारी ईस्ट कोस्टला समुद्राकाठी इराच्या सायकलमागे चालून आले की सरळ पुढे जायचा.

"सुट्टीत बरं वाटतं का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"पुण्याला घरी गेले की वाटतं."

"घर नाही," त्या म्हणाल्या. "सुट्टी."

दुसऱ्या टेस्टला उंदराच्या थेंबाशी रुपयाच्या नाण्याएवढी गांधी उठली. बाकी हात स्वच्छ. ऑक्युपेशनल अस्थमा, म्हणजे कामामुळे जडलेला दमा. उंदराच्या लघवीत, कोंड्यात जे प्रोटीन असतं ते धुळीबरोबर श्वासात जातं आणि एखाद्याचं शरीर त्याच्याशी वैर धरतं. बेकरीतल्या पिठाने होतो, सलूनमधल्या रसायनांनीही होतो. बहुतेक वेळा आधी नाक तक्रार करतं, मग छाती. माझं नाक कधीपासून ओरडत होतं आणि मी रोज सकाळी त्याचं तोंड दाबत होते.

"चांगला मास्क लावला तर?" मी विचारलं.

"नाही. त्या खोलीत पुन्हा जायचं नाही."

"कधीच?"

"कधीच नाही. आत्ता थांबलात तर फुप्फुसं बरीचशी सावरतील." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "हा कामाचा आजार आहे, मला तो कळवावा लागेल. तुमच्या विभागात आणखी कोणाला त्रास आहे?"

मी म्हटलं, "विचारून सांगते." खरं तर विचारायची गरज नव्हती. कारण मेरीलू शिंकायची. उंदरांच्या खोलीतून बाहेर आली की सटासट शिंका. आणि ती शिंकली की मी पर्समधून स्ट्रिप काढून द्यायचे. "घे गं, आमच्या इंडियाची गोळी आहे, एकदम स्ट्राँग." एक संपली की दुसरी आणून द्यायचे. आपलं माणूस समजून द्यायचे, आणि उदार असल्याचं समाधान वर.

दुसऱ्या दिवशी मी तिला कँटीनमध्ये गाठलं आणि सगळं सांगितलं. गोळी बंद कर, तपासून घे, म्हटलं. तिने चमचा खाली ठेवला.

"मॅम, तुम्हाला ते कॉम्प्युटर देतील," ती म्हणाली. "मला काय देतील? विमानाचं तिकीट? तिकडे माझी दोन मुलं शाळेत आहेत."

मी काहीतरी समजावायला गेले. ती ट्रे उचलून निघून गेली.

त्या रात्री मी समीरला सांगितलं. वाटलं, तो समजूत घालेल. तो म्हणाला, "जहाजावर अलार्म वाजला की काही महाभाग बजर बंद करतात. आवाज थांबतो, आग नाही थांबत. तू तुझा बजर बंद केलास तो केलास, त्या बाईचाही केलास."

"मला मुद्दाम करायचं होतं का?" मी ओरडले. इरा उठून बाहेर आली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि मग तो डबा काढून एकेक स्ट्रिप बाहेर ठेवत बसले. समीर नंतर आला आणि शेजारी बसला. तो बरोबर होता, म्हणूनच मला त्याचा एवढा राग आला होता.

मेरीलूचं नाव सांगावं तर तिची नोकरी धोक्यात, न सांगावं तर तिची छाती. तिने मला खोलीतून ओढून काढलं होतं, आणि मी तिला आत ढकललेलं होतं. हे मला खाऊ लागलं. जेवण जाईना.

शेवटी मी कॅम्पसच्या सेफ्टी ऑफिसरकडे गेले. त्याला माझी सगळी हकीकत सांगितली, गोळीसकट. तो माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "आमच्या फॉर्मवर 'अ‍ॅलर्जी आहे का?' असं आम्ही विचारतो. गोळी घेऊन नाक गळायचं थांबलेला माणूस 'नाही'च लिहिणार." मी त्याला म्हटलं, एकट्यादुकट्याला नको, त्या मजल्यावरच्या सगळ्यांना तपासा, प्रोफेसरांसकट. आणि तपासणीमुळे कोणाला घरी पाठवणार नाही, हे सगळ्यांसमोर आधी सांगा. ते माझ्या हातात नाही, असं तो म्हणाला. मग ज्यांच्या हातात आहे त्यांना बोलवा, म्हटलं. प्रोफेसर आधी कां-कूं करत होते. मी त्यांच्या डोक्यावर बसले. पुणेरी बाई एकदा हटून बसली की काय होतं, ते त्या बिचाऱ्यांना पहिल्यांदाच कळलं.

शेवटी वरिष्ठांनी सगळ्यांना बोलावून कोणालाही घरी पाठवणार नाही असं सांगितलं, तेव्हा मेरीलू मागे उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. पण गोळी बंद केली. कॉरिडॉरमधून तिच्या शिंका ऐकू यायच्या, डोळे सुजलेले दिसायचे, आणि प्रत्येक शिंकेला माझा जीव वर-खाली व्हायचा.

तिच्या हातावरही उंदराची गांधी उठली, लहानशी. पण छातीची तपासणी साफ निघाली. अजून नाकापर्यंतच होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, वेळेत आलात. तिला त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर माशांच्या विभागात बदली मिळाली, त्याच पगारावर. माशांना ना केस, ना कोंडा.

मला कॉम्प्युटरच मिळाला, तिने म्हटलं होतं तसा. प्रयोगांचे व्हिडिओ मी बघते, दुसऱ्यांच्या हातातले उंदीर मोजते. एखादा उंदीर ओंजळीत शांत होताना दिसला की माझे हात अजूनही आपोआप वळतात. वाईट वाटतं. खूप वाटतं. रोजचा इनहेलर आहे, आणि जिने चढताना मी मध्ये थांबते. पण इरा आता म्हणते, "नो मोअर व्हिसल." आईलाही फोनवर सांगितलं, सिंगापूरची हवा मला मानवते.

कामावर शिंका येत असतील आणि सुट्टीत थांबत असतील, तर गोळी घेण्याआधी कोणाला तरी सांगा. मला सांगायला एवढंच आहे.

परवा कँटीनमध्ये मेरीलू ट्रे घेऊन आली आणि माझ्यासमोर बसली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. माशांबद्दल बोलत होती, कोणता खादाड आहे, कोणता लाजतो. बोलता बोलता ती थांबली, डोळे मिटले आणि जोरात शिंकली. माझा घास हातात राहिला. परत एक शिंक.

तिने माझा चेहरा बघितला आणि हसायलाच लागली. "सांबल, मॅम!" ती लाल चटणीकडे बोट दाखवून म्हणाली. "मिरची आहे, नुसती मिरची!"

मी पर्समध्ये हात घातला, रुमाल काढला आणि तिला दिला.