मागच्या नटापर्यंत पोचणारा हात

माझा हात लहान आहे. आता सुरकुतला, तरी लहानच. माझ्या सगळ्या अंगात देवानं मन लावून केलेली तेवढीच एक वस्तू, असं मला तरुणपणी वाटायचं. कॅम्पातल्या बायका चुडीवालीसमोर बसल्या की कोणाला अडीचचं माप लागायचं, कोणाला त्याहून मोठं. मी मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी हात पुढे करायचे. चुडीवाली साबण लावून माझा अंगठा तळव्यात दाबायची, बोटं एकावर एक घडी करायची आणि सव्वादोनच्या हिरव्या बांगड्या मनगटावर सरकवायची. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी. भिलाईच्या त्या धुळीत मिरवायला माझ्याकडे दुसरं होतं काय?

तेव्हा कारखाना उभा राहत होता. आम्ही भंडाऱ्याकडची शेतकरी माणसं, कॅम्पात टिनाच्या एका खोलीत राहत होतो. आमचे हे एका ठेकेदाराची जीप चालवायचे. जीप लढाईच्या वेळची, लिलावात घेतलेली. तिच्यातून साहेब लोक अहिवाऱ्याकडच्या चुनखडीच्या खाणींवर जायचे. रस्ते कच्चे. जीपनं जेवढं पेट्रोल प्यायलं असेल तेवढीच धूळ खाल्ली होती. एका आठवड्यात ती रोज रस्त्यात खोकून बंद पडायला लागली. शनिवारी ठेकेदारानं यांना सांगितलं की सोमवारी साहेबांना नेताना बंद पडली, तर खाली उतरायचं आणि किल्ली त्याच्या साळ्याला द्यायची. हा साळा रोज दाढी करून तयारच बसलेला असायचा. किल्ली गेली असती तर यांना पुन्हा टोपल्यानं माती वाहावी लागली असती, नाही तर गावी परत. गावी माझी मोठी जाऊ होती. तिच्या चुलीपुढे बसण्यापेक्षा मला माती बरी वाटत होती, आणि मातीही नको होती.

ठेकेदाराचा मिस्त्री बहिणीच्या लग्नाला गेलेला. म्हणून रविवारी दुपारी यांनी जीप खोलीसमोरच्या कडुनिंबाखाली लावली आणि स्वतःच खोलायला घेतली. आधी हवा गाळायचा डबा काढला. त्यातलं धूळ धरायचं तेल खिरीसारखं घट्ट झालं होतं. मग कारबोरेटर काढायचा होता. तो इंजिनाच्या कुशीत, एका बिडाच्या नळीच्या तोंडावर बसलेला असतो. त्याच्यातून हवा आणि पेट्रोल मिळून त्या नळीनं आत जातं. दोन नटांनी तो आवळलेला. पुढचा नट निघाला. मागचा नट इंजिन आणि कारबोरेटर यांच्या मधल्या सांदीत. पाना तिथं फिरायला जागा नाही. यांनी पान्याचं टोक लावून लावून तो ढिला केला, पण पुढे तो बोटांनीच फिरवायचा होता आणि यांची बोटं म्हणजे केळी.

मी उंबऱ्यात तांदूळ निवडत होते आणि पाहून हसत होते. नुसती हसत बसले असते तर पुढचं काही झालं नसतं. पण मी उठले, यांच्या शेजारी गेले आणि म्हटलं, माझा हात जातो तिथं.

यांनी माझ्या हाताकडे नीट पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"बांगड्या काढ आधी," हे म्हणाले.

"कावून काढू? तुमी जित्ते हा न अजून."

"जित्ता हाव मूनच जीप चालवतो. काढ."

मी काढल्या नाहीत. सौभाग्याचं कारण सांगितलं, ते खोटं नव्हतं. पण खरं असं की त्या इतक्या घट्ट होत्या की साबण लावून काढताना दोन-चार फुटल्याच असत्या, आणि पुढच्या आठवड्यात बायकांत बसून दाखवायला काय राहिलं असतं? मी चुडीवालीसारखी अंगठा दाबून हाताची घडी केली आणि सांदीत घातली. गेला. नट बोटांना लागला. फिरवत फिरवत काढला. मला इतका आनंद झाला की जणू अर्धा कारखाना मीच बांधला.

आता हात बाहेर येईना. जाताना घडी केलेला हात होता, येताना मुठीत नट होता. हे म्हणाले, थांब, हलू नको. त्यांनी कारबोरेटर वर उचलून बाजूला घेतला, म्हणजे जागा झाली. नळीचं तोंड उघडं पडलं. त्यात चिंधी कोंबायची असते. हे चिंधी घ्यायला वळले. तेवढ्यात नट दाखवायच्या घाईत मी हात जोरात ओढला. नट ज्या आट्याच्या दांड्यावर बसतो, त्यावर मनगट आपटलं. एक बांगडी फुटली आणि तिचे तुकडे त्या उघड्या तोंडात गेले. आवाज फार गोड झाला.

हे चिंधी हातात धरून उभे. मला वाटलं ओरडतील.  पण यांनी सावकाश सांगितलं की ही काच आत गेली तर इंजिन आतून खरवडून निघंल, मग साफ करायला काही उरणार नाही, मग साळ्याला किल्लीसुद्धा देता येणार नाही.

आवाज ऐकून शेजारची वैनी आली. नागपूरकडची, नवरा रेल्वेत. त्यांच्या घरानं नवा धर्म घेतल्यापासून जुने पुष्कळ नेम सोडले होते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बांगडीनं नवरा जगला असता त कोनाचाच मेला नसता वो," ती म्हणाली. "तुले लागलं काय?"

मी म्हटलं, मले काई नाई झालं. मनगटाला कापलं होतं, पण मी गुपचूप घरात जाऊन हळद दाबली आणि हात पदराखाली घेतला. एवढं करून वर रडते, असं कोणी म्हणायला नको होतं.

जमिनीवर काच फुटली की आम्ही बायका ओल्या कणकेच्या गोळ्यानं टिपतो. मी तोच उपाय काढला. छत्रीच्या काडीला कणकेचा गोळा लावला आणि नळीत सोडला. दोन तुकडे चिकटून वर आले. मला पुन्हा हुरूप आला आणि मी काडी आणखी खोल घातली. काडी वर आली, गोळा आतच राहिला. कणीक सैल झाली होती.

हे म्हणाले, "आता तवा पन ठेव आत. पोयी झाली का मले सांग."

वैनी तोंडाला पदर लावून हसली. तिनंच मग घट्ट कणीक मळून आणली, तिनंच काडी धरली, आणि माझा गोळा काचेसकट बाहेर काढला. मला त्या कामाला हात लावू दिला नाही. मी आरसा धरून उन्हाचा कवडसा नळीत पाडत उभी राहिले, तेवढंच माझ्या लायकीचं होतं.

आता सगळी काच निघाली की नाही हे कसं कळायचं? यांनी थाळी मागितली. थाळीत तुकडे एकाला एक लावून बांगडीचा गोल करायला बसले. एवढा मोठा माणूस उकिडवा बसून बांगडी जुळवतोय, हे पाहून येणारे-जाणारे थांबायचे. गोल झाला. फक्त एका जागी हरभऱ्याच्या डाळीएवढी फट राहिली.

त्या एका तुकड्यासाठी आम्ही पुन्हा नळीत कणीक फिरवली. काही चिकटलं नाही. जीपखालची धूळ मी पिठाच्या चाळणीनं चाळली. केस झाडले, लुगड्याच्या निऱ्या झाडल्या. तुकडा नाही. म्हणजे तो नळीच्या वळणापलीकडे गेला, असं यांनी धरलं. आता अख्खी नळीच काढायची. तिचे बोल्ट गंजलेले होते; एक जरी तुटला तर सोमवार गेलाच. यांनी मोठा पाना पहिल्या बोल्टावर लावला आणि तसेच बसून राहिले, जोर लावेनात. यांच्या मानेवरचा घाम मला दिसत होता. माझं मनगट तर असं ठणकत होतं की मी दुसऱ्या हातानं ते दाबून धरलं.

वैनीनं ते पाहिलं. "पदराखाली काय लपवून राहिली?"

मी म्हटलं काई नाई. तिनं हात ओढून बाहेर घेतला आणि हळद पुसली. हळदीखाली हिरवं चमकलं.

सगळी दुपार जी काच आम्ही इंजिनात, धुळीत आणि माझ्या केसांत शोधली, ती माझ्याच मनगटात बसली होती, आणि वरून तिच्यावर हळदीचा लेप मीच दिला होता. वैनीनं सुईनं तो तुकडा काढला. यांनी तो पाण्यात धुतला आणि थाळीतल्या फटीत ठेवला. आधी तो बरोबर बसतो का ते पाहिलं, मग माझ्या हाताकडे पाहिलं. बरोबर बसला. मोठा पाना यांनी बाजूला ठेवला आणि मला म्हणाले, "साबन आन."

त्या हातातल्या उरलेल्या बांगड्या मी काढल्या. तीन फुटल्या. मनगटावर चिंधी बांधली, आणि हात बांगडीवाचून रिकामा नको म्हणून तिच्यावर हळदीत बुडवलेला दोरा. वैनी दोऱ्याकडे पाहून काही बोलली नाही, ही तिची मेहरबानी. तोवर यांनी कारबोरेटर पेट्रोलच्या डब्यात बुडवून धुतला, त्यातली बारीक भोकं फुंकून मोकळी केली. तो जागेवर बसल्यावर मागचा नट पुन्हा मीच फिरवला. या वेळी मूठ उघडी ठेवून हात बाहेर काढला. एवढी अक्कल आली होती. जीप एकदा खोकली, दुसऱ्यांदा सुरू झाली आणि सुरूच राहिली.

सोमवारी हे साहेबांना घेऊन अहिवाऱ्याला गेले आणि कुठंही न थांबता परत आले. किल्ली यांच्याच खिशात राहिली. संध्याकाळी आले तेव्हा यांच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मी मनगटाकडे पाहिलं, मनात हिरव्या बांगड्या मोजल्यासुद्धा.

कागदात वाकड्या तोंडाचा पाना होता. मागच्या नटापर्यंत तो सरळ पोचायचा. तो मिळाल्यावर माझ्या हाताची जीपला कधी गरज पडली नाही. मी चार दिवस त्या पान्यावर रुसून होते.