खोडलेले चार फेरे

तो गुन्हा आठवला की आजही आधी डोळ्यांसमोर येतात ते तीन चकचकीत नट. माणसं नंतर आठवतात. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी कोल्हापुरात फौजदार होतो आणि वर्दी अंगावर आली की खरं-खोटं आपोआप कळतं, अशी माझी पक्की समजूत होती.

मुरगूडच्या रस्त्यावर एका बागायतदारांच्या धावत्या मोटारीचं पुढचं चाक निघालं. गाडी चरात गेली, त्यांचा हात मोडला. गाडी ते स्वतः चालवत होते, कारण त्याच सकाळी त्यांनी ड्रायव्हरला भांडून काढून टाकलं होतं. फिर्यादीत त्यांनी त्याच्यावरच संशय घेतला. आमच्या खबऱ्यानं भर घातली, "जाताना त्यो चाकापाशी बसल्याला साहेब. हातात पाना हुता."

मला आणखी काय हवं होतं? उचगावातून ड्रायव्हरला उचललं. कलम लावलं खुनाच्या प्रयत्नाचं. मालकांना ठाण्यात खुर्ची आणि चहा मिळाला, ड्रायव्हर अनवाणी उभा. बाहेर फाटकाशी त्याची बायको डबा घेऊन बसलेली.

"पाना घिऊन काय चाकाची पूजा करत हुतास?" हवालदारानं विचारलं.

"आवळत हुतो साहेब. मालकांनी ही जाड नवी चाकं घातल्यापास्नं नट ऱ्हातच न्हाईत. जुन्या चाकावर नट धा फेरं बसायचा, ह्यावर चारच बसतोय. उतरवा म्हटलं तर मलाच उतरवलं."

"कामावरून काढल्यावर तू गाडीची काळजी करणार होय रे?" मी दरडावलं.

"भांडान मालकाशी हाय. गाडीनं काय केलंय माझं? वैनी आन् पोरं बसत्यात तिच्यात."

ते फेऱ्यांचं वाक्य लेखनिकानं जबाबात उतरवलं होतं. मी ते खोडायला लावलं. म्हटलं, गुन्ह्यापुरतं लिहा, पाल्हाळ नको. दोन दिवस मी त्याला एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडानं विचारला आणि त्यानं एकच उत्तर दिलं. त्याला मी मुरलेला गुन्हेगार समजलो.

नट मुद्दाम सैल केले, असा जाणकाराचा अभिप्राय कागदावर हवा होता. म्हणून उद्यमनगरातले एक टर्नर बोलावले. साठीचे मुसलमान गृहस्थ, लेथवर उभं राहून पाय किंचित वाकलेले. मी लिहून ठेवलेला कागद त्यांच्यापुढे सारला.

"सही मागनं करतो फौजदारसाहेब. आदी चाक बघू."

हवालदार हसला. "चाक गोल हाय मिस्त्री. त्यात काय बघायचं?"

"तुमची टोपी बी गोल हाय की. तरी डोस्क्याचं माप बघूनच घेता न्हवं?"

पंचांसमोर पुडकं उघडलं. रस्त्यावर सापडलेले ते तीन नट, नव्या चाकांबरोबर आलेले, एका तोंडानं बंद, टोपीसारखे. सील लावायच्या लाखेजवळ काडेपेटी पडली होती. मिस्त्रींनी त्यातली एक काडी नटात तळापर्यंत घातली, खोलीची नखानं खूण केली. मग नट उजेडात धरून मला जवळ बोलावलं.

"हे बघा. तोंडाचं चार आटं सोलल्यात. त्याच्या आत कारखान्यातलं तेल तसंच हाय. म्हंजे स्टड, चाकातनं भाईर येतो त्यो आट्यांचा दांडा, हितपतोर कवा पोचलाच न्हाई. कुणी नट ढिला केला असता तर आटं असं सोललं नसतं. हे वडून तुटल्यात, साहेब. धरायला जागाच नव्हती."

मग आवारातल्या गाडीपाशी जाऊन, चाक ज्यावर बसतं त्या हबवर उरलेला एक शाबूत स्टड त्यांनी साफ केला. आधी मालकांकडून मागवलेलं जुनं लोखंडी चाक चढवून नवा नट फिरवला. दहा फेरे. मग नवं जाड चाक. मोठ्यानं मोजलं. एक, दोन, तीन, चार. पाना घट्ट.

"स्टड जेवढा जाड, तेवढा तरी नटात शिरला पायजे," ते म्हणाले. "चाक जाड केलं आन् स्टड जुनंच ठेवलं. हे ज्यानं वळखलं त्याला सांगा, माझ्याकडं कामाला ये म्हणावं."

मी म्हणालो, "तो कोठडीत आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा तयार कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर स्वतःच्या हातानं अभिप्राय लिहिला.

पुरावा नाही म्हणून मी कलम १६९ खाली ड्रायव्हरला सोडल्याचा अहवाल पाठवला. मालक मोडका हात गळ्यात बांधून आले. मिस्त्रींनी त्यांनाही सोडलं नाही. दोन्ही चाकांच्या जाडीतला फरक मोजला, तेवढाच जादा लांब स्टड ठरवला. मालक म्हणाले, "आणखी लांब घाला, भक्कम हुईल." मिस्त्रींनी ती काडी दाखवली. "बंद नट हाय, मालक. लांब स्टड आत तळाला टेकंल, पाना घट्ट लागंल आन् चाक ढिलंच ऱ्हाईल." साध्या सळईतून कापून द्यायलाही त्यांनी साफ नकार दिला. खालचे दाते हबला बरोबर बसतील असे पक्क्या पोलादाचे स्टड शोधून आणले, तेव्हाच हात लावला.

पुढे नोकरीत मी मोठे हुद्दे पाहिले, मोठी भाषणं ऐकली. त्या बुटक्या टर्नरइतका ताठ माणूस क्वचित भेटला. आपल्याकडे खुर्चीत बसलेल्याचं बोलणं माहिती ठरतं आणि अनवाणी उभ्या माणसाचं पाल्हाळ. हा अन्याय कायद्याच्या पुस्तकात नाही, तो आमच्या लेखणीत आहे. त्यानंतर जबाबातलं एकही वाक्य, मला समजलं नाही म्हणून, मी खोडलं नाही.

गाडी ठाण्याच्या आवारातच उभी होती. नवे स्टड बसल्यावर मिस्त्रींनी सुटलेल्या ड्रायव्हरला बोलावून घेतलं आणि पाना त्याच्या हातात दिला. तो बसला आणि मोजू लागला. पाचव्या फेऱ्याला हवालदारही मोजू लागला. आठव्याला मालक. दहाव्याला नट थांबला, तेव्हा ड्रायव्हरनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि सरळ आवाजात म्हणाला,

"आता लिवा, साहेब."